सण बिघडू द्या

कार्टूनमधली माणसं म्हातारी होत नाहीत. जपानच्या फुजी टीव्हीवर ५ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झालेली 'साझाए-सान' ही मालिका अजूनही रविवारी संध्याकाळी साडेसहाला लागते आणि तिच्यातला कात्सुओ अर्धशतक उलटलं तरी प्राथमिक शाळेतच आहे. अमेरिकी 'द सिम्प्सन्स' मालिकेतला बार्ट सिम्प्सन १९८९ मध्ये दहा वर्षांचा होता, आजही दहाच वर्षांचा आहे. पण सण या दोघांच्याही घरी चुकत नाहीत. साझाए-सानच्या घरात जानेवारीत नव्या वर्षाचं जेवण होतं, फेब्रुवारीत सोयाबीनचे दाणे फेकून भुतं हाकलली जातात, मार्चमध्ये बाहुल्या मांडल्या जातात, उन्हाळ्यात पूर्वजांचा ओबोन येतो. गोष्ट कुठल्या वर्षी घडते आहे हे कधी कळत नाही, महिना मात्र पडद्याबाहेरच्या महिन्याशी जुळलेला असतो. वय गोठलेल्या पात्रांकडे काळ मोजायचं दुसरं साधनच नाही.

म्हणून दीर्घकाळ चालणाऱ्या कुठल्याही कार्टूनला सणाचा भाग लिहावाच लागतो. प्रश्न तो कसा लिहायचा याचा. एका पद्धतीत सण मागच्या पडद्यावर रंगवलेला असतो. दिवे, पताका, मिठाई, आणि पुढे नेहमीचीच मारामारी. दुसऱ्या पद्धतीत सण हाच पेच असतो. पैसे पुरत नाहीत, कुणी रुसतं, कुणाला बोलावलेलंच नसतं, सगळे आनंदात असताना एकालाच आनंद होत नाही. टिकलेले भाग बहुतेक दुसऱ्या पद्धतीचे आहेत. आपल्याकडची मुलांची कार्टून मात्र पहिल्याच पद्धतीत अडकून पडली आहेत, आणि त्यामागे सणांवरच्या प्रेमापेक्षा भीती जास्त आहे असं माझं म्हणणं आहे.

सणाच्या भागांचा इतिहास सांगणारा प्रत्येक जण ज्या फिल्मपाशी येतो, तिथे थोडं थांबायला हवं. ९ डिसेंबर १९६५ रोजी अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर 'अ चार्ली ब्राऊन ख्रिसमस' लागली. चार्ल्स शुल्ट्झ यांच्या 'पीनट्स' या चित्रपट्टीतली मुलं त्यात पहिल्यांदा टीव्हीच्या अर्ध्या तासाच्या गोष्टीत आली. सुरुवातच अशी की, नाताळ तोंडावर आला आहे, बर्फ पडतो आहे, मुलं गोठलेल्या तळ्यावर स्केटिंग करताहेत आणि चार्ली ब्राऊन मित्राला सांगतो की त्याला काही आनंद होत नाही. धाकटी बहीण सांताला पत्र लिहिते आणि भेटवस्तूऐवजी रोख पैसे मागते. घरचं कुत्रं आपलं खुराडं सजवून बक्षिसाच्या स्पर्धेत उतरतं. चार्लीला नाटक बसवायला देतात, तेही कुणी ऐकत नाही. झाड आणायला पाठवतात तर तो चकचकीत ॲल्युमिनियमची झाडं सोडून एक मरतुकडं खरं झाड घेऊन येतो आणि सगळे त्याला हसतात.

सीबीएसच्या अधिकाऱ्यांना ही फिल्म आवडली नव्हती. गती संथ, पार्श्वसंगीत जॅझ, आवाज खऱ्या मुलांचे, आणि त्या काळी विनोदी कार्यक्रमांत सर्रास घातलं जाणारं मागचं हसू अजिबात नाही. शिवाय शेवटी लायनस नावाचा मुलगा रंगमंचाच्या मधोमध उभा राहून ल्यूकच्या शुभवर्तमानातला येशूजन्माचा उतारा म्हणतो. कार्टूनमध्ये बायबल वाचायचं का, अशी शंका फिल्म बनवणाऱ्या सहकाऱ्यांनाच होती. शुल्ट्झ मात्र हटले नाहीत.

मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. अमेरिकी टीव्हीवरच्या नाताळच्या कार्टूनांत इतकं उघड धार्मिक क्वचितच कुठलं असेल, आणि नाताळबद्दल सगळ्यात जास्त कुरकुर करणारंही हेच. सणाला प्रश्न विचारणं आणि सणावर श्रद्धा असणं यांत विरोध आहे, असं ही फिल्म क्षणभरही मानत नाही. उलट चार्ली कुरकुरतो म्हणूनच लायनसला तो उतारा म्हणावा लागतो. सगळे पहिल्यापासून खुशीत असते तर त्याला पुढे येण्याचं कारणच नव्हतं. आणखी एक बारकावा आहे. शेवटी त्या मरतुकड्या झाडावर मुलं जी सजावट चढवतात ती त्या कुत्र्याच्या बक्षीसपात्र खुराड्यावरूनच काढलेली असते. म्हणजे बाजाराला शिव्या घालून फिल्म बाजाराकडूनच माळा उसन्या घेते. इतका प्रामाणिकपणा उपदेश करणाऱ्या गोष्टींत सहसा सापडत नाही.

बाजार तर या फिल्मच्या अंगाखांद्यावरच होता. तिचा प्रायोजक कोका-कोला. पहिल्या प्रसारणात कंपनीचं नाव फिल्मच्या आतही झळकलं होतं, पुढे ते कापलं. त्याच्या आदल्या वर्षी, १९६४ मध्ये, एनबीसीवर आलेला 'रुडॉल्फ द रेड-नोज्ड रेनडिअर' जनरल इलेक्ट्रिकच्या पैशातून आला होता. मुळात लाल नाकाचा रुडॉल्फ हा हरणाचा अवतार १९३९ साली माँटगोमेरी वॉर्ड या दुकानाने गिऱ्हाइकांच्या मुलांना फुकट वाटायच्या पुस्तिकेसाठी जन्माला घातला. आज तो लोककथेतला असल्यासारखा वाटतो. तेव्हा अमेरिकी कार्टून पवित्र आणि आपली तेवढी बाजारू, असा माझा दावा नाही. पैसा दोन्हीकडे आहे. फरक इतकाच की तिथल्या लेखकाला त्या पैशाबद्दल तक्रार करायची मुभा होती.

'द सिम्प्सन्स'ने ही मुभा पुरेपूर वापरली. या मालिकेचा अर्ध्या तासाचा पहिला भाग १७ डिसेंबर १९८९ रोजी फॉक्सवर लागला, आणि तो नाताळचा होता. खरं तर आधी दुसरा भाग दाखवायचा बेत होता, पण त्याचं ॲनिमेशन बिघडून आलं, म्हणून हा पुढे आला. गोष्ट अशी. बार्टचा बाप होमर जिथे नोकरी करतो त्या अणुवीज केंद्राचा मालक जाहीर करतो की साहेबमंडळी सोडून कुणालाही यंदा बोनस नाही. बोनसच्या भरवशावर होमरची बायको मार्ज हिने साठवलेले पैसे त्याच दिवशी बार्टच्या हातावरचं गोंदण काढण्यात गेलेले. होमर घरी काही सांगत नाही. संध्याकाळी तो मॉलमध्ये गुपचूप सांताची नोकरी धरतो, मुलांना मांडीवर घेतो, आणि पगाराचा धनादेश हातात येतो तेव्हा कपड्यांचे, दाढीचे, प्रशिक्षणाचे पैसे कापून राहतात १३ डॉलर. ते तो कुत्र्यांच्या शर्यतीत लावतो. कुत्रं शेवटचं येतं, त्याचा मालक त्याला हाकलून देतो, बाप-लेक तेच घरी घेऊन येतात आणि बायकोला वाटतं हीच नाताळची भेट. सगळा भाग पोट धरून हसवणारा आहे. त्यात एकही खलनायक आकाशातून उतरत नाही. पगारपत्रकच पुरेसं आहे.

हे पाहताना मराठी माणसाला परकं वाटेल असं काय आहे? बोनस हा आपल्याकडे दिवाळीचाच एक दिवस असल्यासारखा आहे. योगायोग असा की चार्ली ब्राऊनच्या फिल्मसारखा आपला बोनस प्रदान कायदाही १९६५ सालचाच. २०२५ मध्ये त्याची जागा वेतन संहितेने घेतली, पण किमान ८.३३ टक्के बोनसचं बंधन तिच्यातही आहे. मुंबईच्या गिरण्यांत बोनससाठी गेटसभा झाल्या, संप झाले. आजही दिवाळीआधी महापालिका कर्मचाऱ्यांचं सानुग्रह अनुदान किती, ही वर्तमानपत्रात पहिल्या पानाची बातमी होते. आईवडील स्वयंपाकघरात हळू आवाजात काय बोलताहेत हे घरातल्या दहा वर्षांच्या पोराला बरोबर कळतं. कायद्यात, युनियनच्या पत्रकात, पेपरात, किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीत, सगळीकडे बोनस आहे. मुलांसाठी काढलेल्या आपल्या कार्टूनमध्ये तो मी कधी पाहिला नाही.

२०११ मध्ये सुरू झालेली 'बॉब्ज बर्गर्स' याच घराण्यातली. छोट्या हॉटेलच्या वर भाड्याने राहणारं कुटुंब, बाप बॉब थँक्सगिव्हिंग या अमेरिकी सणाच्या टर्कीवर जीव टाकणारा. त्यांच्या अशा एका भागात घरमालक येऊन म्हणतो, तुझी बायको-मुलं मला सणापुरती माझं कुटुंब म्हणून दे, भाडं माफ करतो. बॉब तयार होतो, कारण भाडं वाचणार आहे. तोच सणाच्या दिवशी आपल्याच घरच्यांसाठी आचारी होऊन राबतो. सणाला घरातलं माणूस स्वयंपाकात अडकून पडणं यावर याहून बोचरं काही आमच्या एखाद्या बाईने लिहिलं तर मी रांग लावून बघेन.

पेच नेहमी पैशाचाच असतो असं नाही. कुणाला सणात जागाच नसते. 'साउथ पार्क'च्या १९९७ च्या नाताळ भागात काईल हा ज्यू मुलगा गावभर चाललेल्या उत्सवात एकटा पडतो. त्या भागातलं मुख्य पात्र कोण आहे ते इथे न लिहिलेलंच बरं, मराठी वाचकाला जेवताना त्रास होईल. पण त्यातला एक उपकथाभाग अस्सल आहे. शाळेच्या नाटकातलं काही ना काही प्रत्येकाला खटकतं. येशू काढा, झाड काढा, दिवे काढा. शेवटी जे उरतं ते कुणालाच न दुखावणारं आणि कुणालाच न कळणारं काहीतरी असतं, आणि ते बघून सगळं गाव एकमेकांवर तुटून पडतं. 'रगरॅट्स'ने १९९५ मध्ये ज्यूंच्या वल्हांडण सणावर भाग केला. आजी-आजोबांचं भांडण झालेलं, आजोबा माळ्यावर अडकलेले, आणि तिथेच ते नातवंडांना इजिप्तमधून सुटकेची कथा सांगतात. कथेतला जुलमी राजा फारो म्हणजे दादागिरी करणारी अँजेलिका. पुराणकथा आणि घरातली कुरबुर एकाच दोऱ्यात ओवली की माहिती देण्याचं काम आपोआप होऊन जातं. न्यू जर्सीतल्या मराठी पोरांना काईल कोण आहे हे समजावून सांगावं लागत नसावं. डिसेंबरात वर्गातली सगळी सजावट आपल्या घरच्या सणाची नसते म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक असतं.

कधी लेखकाच्या नकळतही सण काहीतरी सांगून जातो. १९७३ च्या चार्ली ब्राऊनच्या थँक्सगिव्हिंगमध्ये फ्रँकलिन हा एकटा कृष्णवर्णीय मुलगा टेबलाच्या एका बाजूला एकटाच बसला आहे. त्याला १९६८ मध्ये चित्रपट्टीत आणलं होतं ते एका शिक्षिकेने पत्र लिहून आग्रह धरला म्हणून. हेतू चांगलाच होता. पण पंगतीत कोण कुठे बसलं आहे हे प्रेक्षकांनी पुढे बरोबर टिपलं आणि जाबही विचारला. पंगत हा आपल्याला फार जुना विषय आहे, त्यावर मी वेगळं काय सांगणार.

आता आपल्या घराकडे. 'छोटा भीम' २००८ पासून पोगोवर आहे, हैदराबादच्या ग्रीन गोल्डने काढलेला. 'मोटू पतलू' २०१२ पासून निकलोडियनवर, मुंबईच्या कॉसमॉस-मायाचा. दोन्ही प्रचंड चालले, आणि परदेशी कार्टूनांनी भरलेल्या चॅनेलवर देशी पात्रांनी जागा मिळवली याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्यांच्याकडे दिवाळी येते, होळी येते. पण भीमच्या ढोलकपूरमध्ये दिवाळी येते म्हणजे काय होतं? बहुतेक वेळा कुणीतरी दुष्ट येऊन ती मोडायला बघतो, भीम लाडू खातो, दुष्टाला लोळवतो, आतषबाजी होते. बिघाड नेहमी बाहेरून येतो. सणाच्या आत, घराच्या आत काही बिनसू शकतं ही शक्यताच तिथे नाही. ढोलकपुरात बोनसचं दुःख होणार तरी कसं, तिथे पगारावर कोण आहे तेच कळत नाही.

दुसरीकडे पुराणकथांचं ॲनिमेशन आपल्याकडे उदंड आहे. २००५ चा 'हनुमान' चालला, त्यामागून बाल गणेश आले, कृष्ण आले, मग देवांच्या लहानपणाची रांगच लागली. सणामागची कथा आपण हजार वेळा काढली, सण साजरा करणारं घर काढलं नाही. गणपतीचं शिर कसं कापलं गेलं हे मुलांना पडद्यावर दिसतं. गणपतीला गावी जायचं तिकीट वेटिंगवर आहे, हे दिसत नाही.

याची कारणं गूढ नाहीत. एकच भाग हिंदी, तमिळ, तेलुगू अशा अनेक भाषांत जायचा असतो. मग वसुबारस कुठे टिकणार आणि मातीचा किल्ला कुठे? सगळीकडे चालेल असा सण म्हणजे कुठलाच नसलेला सण. महाराष्ट्रातली मुलं हे सगळं बहुतांशी हिंदीत बघतात. घरातली भाषा आणि पडद्यावरची भाषाच वेगळी, तिथे घरचा सण पडद्यावर कुठून येणार? तेच भाग वर्षभर फिरवून दाखवतात, म्हणून दिवाळी मे महिन्यातही लागते आणि मग दिवाळीत ती खास उरत नाही. गंमत अशी की मुलांच्या चॅनेलवरच्या जपानी 'डोरेमॉन'मुळे आपल्या पोरांना जपानी मुलांना नव्या वर्षाला पाकिटातून पैसे मिळतात हे माहीत आहे, चेरीच्या फुलांखालची सहल माहीत आहे. टोकियोतल्या एका गल्लीसाठी केलेली गोष्ट नागपुरात कळते. आपण मात्र सगळ्यांना कळावी म्हणून गल्लीच पुसून टाकतो.

आणि चौथं कारण म्हणजे भीती. सणाबद्दल कार्टूनमधलं पोर काही वावगं बोललं तर उद्या कुणाच्या भावना दुखावतील, याचा हिशेब निर्माता आधीच करतो. त्याला दोष देणं सोपं आहे, पण खटला अंगावर घेणार तोच. तरीही या भीतीला परंपरेचं नाव देऊ नये, कारण आपली परंपरा अशी भित्री नव्हती. १८९३ नंतर सार्वजनिक गणेशोत्सव वाढला तो गाणाऱ्या मेळ्यांच्या पदांवर, आणि त्या पदांतून सरकारपासून सुधारकांपर्यंत सगळ्यांची खिल्ली उडायची. १९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढल्यापासून आपण फराळासोबत चेष्टाही वाढतो. 'आवाज' या विनोदी दिवाळी अंकातल्या चित्रांच्या खिडक्या कुणाच्या भावना जपण्यासाठी कापलेल्या नव्हत्या. बाबांचं न जुळणारं फटाक्यांचं बजेट, पाहुण्यांचा मुक्काम, सासूची चकली यांवर मोठ्या माणसांनी शंभर वर्षं हसायचं आणि मुलांनी तेवढं मंगलच पाहायचं, ही वाटणी कुणी केली?

मुलांना निदान सणाला तरी निर्मळ आनंद मिळू द्या, असं म्हणणारे भेटतात. त्यांचं चुकत नाही, आनंद हवाच. पण चार्ली ब्राऊन आणि होमर यांच्या भागांचा शेवटही आनंदातच होतो. तो आनंद फुकट आलेला नसतो एवढंच. आणि हो, तिकडेही आता साचा झालेला आहे. पंधराव्या मिनिटाला रुसवा, विसाव्याला मिठी, बाविसाव्याला बर्फ. तो साचा उचलून आणा असं मी म्हणत नाही. आपला डिसेंबर त्यांचा नाहीच. ऑस्ट्रेलियाच्या 'ब्लूई'ने नाताळात बर्फ न घालता रणरणत्या उन्हात पोहायला नेलं, कारण ब्रिस्बेनमध्ये नाताळ तसाच असतो. एवढा साधा निर्णय घ्यायलाही मालिकेला आपलं गाव ठाऊक असावं लागतं.

आपल्या गावात विषयांची वानवा नाही. २०१८ मध्ये थर्माकोलवर बंदी आली तेव्हा घरोघरी माळ्यावरचं मखर बाहेर काढायचं की नाही यावर पोरं-बाप भांडले असतील. शाडूची मूर्ती की प्लास्टर ऑफ पॅरिसची, हा वाद मोठ्यांनी कोर्टात नेला, पण शाळेतून पर्यावरणाचा धडा शिकून आलेली मुलगी आणि पेणच्या कारखान्यात मूर्ती रंगवणारा तिचा मामा एकाच ताटावर बसले तर काय बोलतील? मंडळाच्या वर्गणीत सोसायटीतल्या नव्या भाडेकरूचं नाव कुणी घालायचं? इमारतीतली सगळी पोरं कोकणात गेल्यावर मागे राहिलेला विदर्भातला मुलगा चार दिवस काय करतो? यातली एकही गोष्ट देवाविरुद्ध नाही. सगळ्या गणपतीच्याच आहेत.

पैसा कुठून येणार, हा खरा प्रश्न. मराठीपुरतं ॲनिमेशन चॅनेलला परवडत नाही, हे मान्य. पण २०२५ मध्ये राज्य सरकारने सार्वजनिक गणेशोत्सवाला राज्य महोत्सव जाहीर केलं आहे. त्या नावाखाली जो खर्च होईल त्यातला एक कोपरा मुलांच्या मराठी ॲनिमेशनला मिळायला हरकत नसावी. गोष्टी लिहिणारे आणि चित्रं काढणारे शोधायला लांब जायला नको, बालभारतीचा 'किशोर' १९७१ पासून त्यांना जमवतोच आहे. सरकारी पैशातलं कार्टून म्हणजे सुविचारांची माळ, ही धास्ती रास्त आहे. पण फिल्म्स डिव्हिजनने १९७४ मध्ये विजया मुळे यांच्याकडून 'एक अनेक और एकता' करून घेतली, ती सरकारीच होती आणि तिचं गाणं अजून लोकांच्या तोंडी आहे. तेव्हा अडचण सरकारी शिक्क्याची नाही. संहिता ज्या समितीपुढे जाईल तिने 'शेवट मंगल आहे ना' एवढंच विचारावं. सुरुवातीला वडील रिकाम्या हाताने घरी येतात, मुलगा आरतीला उभा राहायला नकार देतो, आजी मोदक करायला ठाम नाही म्हणते, असल्या ओळींवर लाल पेन फिरवायचा अधिकार तिला नसावा.